रिसेप्शनची बैठक आणि नावाची कार्डं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून येणारे प्रश्न

माझ्या मावसबहिणीच्या रिसेप्शनला कडोलीहून आलेली आत्या पाऊण तास खांबाला टेकून उभी होती. खुर्च्या रिकाम्या नव्हत्या असं नाही, पण "इथं कोण बसणार आहे काय ओ?" असं अनोळखी माणसाला विचारणं तिला जमलं नाही. पुढच्याच लग्नापासून मी घरातल्या आणि ओळखीतल्या रिसेप्शनची बैठक मांडायचं काम अंगावर घेतलं. तेव्हापासून लोकांनी फोनवर, स्वयंपाकघरात, मंडपात उभ्या उभ्या जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिते आहे.

आपल्याकडे रिसेप्शनला जागा ठरवून देतात का? पाहुण्यांना विचित्र नाही वाटणार?

सगळ्यांची ठरवली तर वाटेल. आपली रिसेप्शन मोठी असतात, स्टेजसमोर रांग लागते, फोटो झाला की माणूस सरळ जेवणाकडे वळतो. ही चाल मोडायची नाही. पण मानाच्या माणसाला पुढं नेऊन बसवायची रीत तर आपलीच आहे. मंगलाष्टकांच्या वेळी मामाला शोधतो, पंगतीत व्याह्यांचं पान कुठं मांडायचं हे आधी ठरवतो. नावाचं कार्ड म्हणजे तेच काम कागदावर. फरक इतकाच, की आधी हे घरातल्या एखाद्या थोरल्या काकूच्या डोक्यात असायचं आणि ती त्या दिवशी शंभर ठिकाणी धावत असायची.

मग नक्की कुणाची जागा ठरवायची?

माझ्या हिशेबात चार गट येतात. दोन्हीकडचे जवळचे नातेवाईक आणि मानकरी. साठीच्या पुढचे, विशेषतः खेड्यांतून एकटे-दुकटे येणारे. लांबून आलेले आणि रात्रीच परतणारे. आणि ज्यांच्या जेवणाला वेळेचं किंवा पदार्थांचं बंधन आहे असे. बाकीच्यांना मोकळं सोडा. गल्लीतली पोरं, ऑफिसचे लोक, कॉलेजची मित्रमंडळी आपापला घोळका करून बसतात आणि त्यातच त्यांना मजा येते.

लांबून येणाऱ्यांबद्दल एक सांगते. गोव्याची मंडळी चोर्ला घाटातून परत जाणार असतील तर त्यांचं टेबल दाराजवळ लावा आणि वाढप्यांना त्यांना आधी वाढायला सांगा. रात्री घाट उतरायचा आहे हे मनात असलं की माणूस घास गिळतो, जेवत नाही.

एका टेबलावर किती माणसं?

मंडपवाल्याकडे गोल टेबलं बहुधा दोन मापांची मिळतात. पाच फुटी टेबलावर ८ माणसं नीट बसतात, सहा फुटीवर १०. माणशी साधारण दोन फूट धरा. दोन टेबलांमध्ये पाचेक फूट अंतर ठेवा, नाहीतर पाठीला पाठ लागते आणि वाढप्याला आमटीची बादली डोक्यावर धरून जावं लागतं. टेबलं प्रत्यक्ष मांडून, खुर्च्या ओढून, स्वतः बसून बघा. कागदावर बसणारं सगळं हॉलमध्ये बसतंच असं नाही, कारण खांब कागदावर काढायचे राहून जातात.

आमच्या यादीत चाळीस पाटील आहेत. कोण कुठं बसणार याचा तक्ता लावायचा कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे. आडनावाच्या क्रमानं तक्ता लावला तर आपल्या भागात तो निरुपयोगी ठरतो. पाटील, देसाई, जाधव, चव्हाण यांतच निम्मी यादी संपते आणि माणसं तक्त्यासमोर बोट फिरवत उभी राहतात. आपण एकमेकांना ओळखतो ते गावानं. "येळ्ळूरचे आले काय?" "उचगावकर कुठं बसलेत?" तक्ताही तसाच लावा. आधी गाव, गावाखाली घर, घरापुढं टेबल.

गावं वर्णक्रमानं लावा: उचगाव, कंग्राळी, कडोली, खानापूर, निपाणी, येळ्ळूर. एका गावात चार पाटील असले तर गल्लीचं नाव घाला, "मारुती गल्लीचे पाटील" किंवा "मळ्यातले पाटील". माणसं स्वतःची ओळख अशीच सांगतात, त्यामुळे वाचताना अडखळत नाहीत. फक्त एक काळजी घ्या. घराला लोकांनी पाडलेलं नाव त्या घराला आवडतं की नाही, ते आधी विचारून घ्या.

वर्णक्रमाचा आणखी एक फायदा आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही वर्णमाला अ, आ, इ, ई करत क, ख, ग अशाच पुढं जातात. त्यामुळे तक्त्याच्या डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला कन्नड लिहिलं तरी ओळी समोरासमोर राहतात. इंग्रजी क्रम धरला तर ही सोय जाते.

टेबलांना नंबरच द्यायचे की काही वेगळं सुचवाल?

नंबर दिले की कुणाचा तरी नंबर शेवटचा येतो. बावीस नंबरवाल्याला वाटतं, आपल्याला कोपऱ्यात टाकलं. नावं दिली की हा प्रश्नच राहत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली मांडणी नद्यांची. आपल्या भागात नद्या इतक्या आहेत की मुख्य टेबलांना पुरून उरतात, आणि प्रत्येक पाहुणा कुठल्या ना कुठल्या नदीकाठचा असतो. खानापूरची माणसं मलप्रभेवर. ती त्यांच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. कडोली-कंग्राळीची मार्कंडेयावर. संकेश्वरचे हिरण्यकेशीवर, गोकाकचे घटप्रभेवर, निपाणीचे वेदगंगेवर, सदलगा-बोरगावचे दूधगंगेवर. गोव्याच्या पाहुण्यांना म्हादई. ती खानापूरच्या जंगलातून निघून त्यांच्याकडे जाते आणि तिथं तिला मांडवी म्हणतात.

आता नवरा-नवरीच्या टेबलाला कृष्णा म्हणा. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय घटप्रभेत येतात, ती पुढं कृष्णेत जाते. मलप्रभाही शेवटी कृष्णेलाच मिळते. तक्ता म्हणून पांढऱ्या कापडावर निळ्या रंगात हा नद्यांचा नकाशा काढायचा, प्रत्येक नदीकाठी त्या टेबलावरच्या घरांची नावं लिहायची, आणि सगळ्या रेषा स्टेजकडे, कृष्णेकडे नेऊन मिळवायच्या. एकटी म्हादई पश्चिमेला जाते. तिचं टेबल दाराजवळ, म्हणजे घाट उतरणाऱ्यांचीही सोय झाली. एका लग्नात हा नकाशा लावला तेव्हा शाळेतले एक निवृत्त गुरुजी त्याच्यासमोर उभे राहून येणाऱ्या पोरांना कुठली नदी कुठं मिळते ते समजावून देत होते. जेवायचं विसरले. त्यांना हाताला धरून टेबलावर आणावं लागलं.

नद्या नको असतील तर गड घ्या: राजहंसगड, भीमगड, वल्लभगड, शेजारच्या चंदगड-गडहिंग्लजकडचे पारगड, कलानिधीगड, सामानगड. त्यातही गावाला जवळचा गड जोडता येतो. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक टेबलावर नावासोबत एक ठळक चित्रही ठेवा, म्हणजे "मासोळीच्या टेबलावर बसा आज्जी" एवढं सांगितलं की पुरतं.

कार्डावर नाव मराठीत लिहावं, कन्नडमध्ये की इंग्रजीत?

ज्याचं नाव, त्याला जी लिपी सहज वाचता येते त्या लिपीत. सीमाभागातल्या लग्नात एकाच टेबलावर बेळगावातल्या शहापूरची मराठी शाळा शिकलेले आजोबा, गोकाकचे कन्नड व्याही आणि इंग्रजी माध्यमातला नातू बसलेले असतात. सगळ्यांना एकच लिपी देणं हा कुणावर तरी अन्याय होतो. मी कार्डाच्या दर्शनी बाजूला पाहुण्याची लिपी घालते आणि मागच्या बाजूला दुसरी, म्हणजे समोर बसलेल्यालाही नाव वाचता येतं आणि बोलणं सुरू होतं. दोन घरं एकमेकांना नवीन असतात तेव्हा समोरच्याचं नाव डोळ्यासमोर असणं मोठा आधार असतो.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मराठीत 'ए' आणि 'ओ' एकेकच, कन्नडमध्ये त्यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगळी अक्षरं आहेत. कन्नड बेळगावीतला 'बे' ऱ्हस्व, देसाईमधला 'दे' दीर्घ. मोबाईलवर लिपी बदलून घेतली की हे हमखास चुकतं, म्हणून कन्नड शाळेत शिकलेल्या कुणाकडून तरी यादी वाचून घ्याच. दुसरं, कन्नड जोडाक्षरांचा खालचा भाग ओळीच्या खाली लोंबतो आणि मराठीच्या वेलांट्या-मात्रा वर जातात. एकाच बाजूला दोन ओळी लिहायच्या असतील तर मध्ये नेहमीपेक्षा दुप्पट जागा सोडा.

सौ., श्रीमती, श्री. लिहायचं का?

माझं मत स्पष्ट आहे: लिहू नका.

एका लग्नात छापणाऱ्यानं सगळ्या बायकांच्या नावांमागं सरसकट 'श्रीमती' लावलं. कन्नडमध्ये ते योग्यच, तिथं लग्न झालेल्या बाईला श्रीमतीच म्हणतात. पण आपल्या जुन्या बायकांच्या कानाला 'सौ.' म्हणजे नवरा हयात आणि 'श्रीमती' म्हणजे नवरा गेलेला. एका काकूंनी कार्ड हातात घेतलं, उलटं करून ठेवलं आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारी काका बसलेले. कुणाचीच वाईट भावना नव्हती, तरी दुखावलं गेलं. आणि सगळीकडे 'सौ.' लावलं तर ज्यांचा नवरा गेला आहे त्यांच्या कार्डावर काय लिहायचं? एका टेबलावर दोन्ही कार्डं शेजारी ठेवून कुणाचं वैधव्य मांडून दाखवायचं?

त्याऐवजी नात्याची हाक लिहा. अण्णा, अक्का, अप्पा, मामा, आज्जी ही नाती मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही. "सुमन अक्का" दोन्ही घरांना आपलंच वाटतं. मोठ्या हुद्द्याच्या पाहुण्यांना नावापुढं 'साहेब' किंवा 'सर' पुरेसं होतं.

कागदाच्या कार्डाऐवजी काही इथलं, घरी नेता येईल असं?

इथं आपल्या भागाइतकी चैन दुसरीकडे नाही.

खानापूरची माती. कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी खानापूर जुनं ओळखीचं ठिकाण आहे, खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथं आहे. लहान पणत्या घ्या, काठावर नाव लिहा. भाजलेली माती शाई पिते आणि अक्षर फुटतं, म्हणून जिथं नाव लिहायचं तिथं पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या, वाळू द्या, मग अ‍ॅक्रेलिक रंगानं लिहा. पणतीत वात आणि तेल घालू नका. पोरं, पदर आणि पंखे एकत्र असतात.

कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली आपली बेळगावची मिठाई, लहान मडक्यात देण्याची कल्पना सुंदर दिसते, पण झिलई नसलेल्या मडक्यात त्याचं तूप मातीत मुरतं आणि बाहेर डाग येतो. आत बटर पेपर लावा आणि मडकी त्याच दिवशी भरा. गोकाकचा करदंट या कामाला कुंद्यापेक्षा बरा. डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याचा असल्यामुळे प्रवासात टिकतो, वडी कागदात गुंडाळली की त्यावरच नावाची पट्टी चिकटवता येते. मांडे मात्र प्रत्येक ताटापाशी ठेवायच्या फंदात पडू नका. लग्नात मांड्यांचा मान मोठा आहे, पण ते नाजूक, हात लागला की चुरा. घरटी एक डबा बांधा, त्यावर कुटुंबाचं नाव घाला आणि निघताना हातात द्या.

शहापूर-वडगावच्या विणकरांच्या साड्या आपल्या घराघरांत आहेत. आज्जीची विरलेली साडी असेल तर तिचा काठ कापून बोटभर रुंद पट्ट्या करा, जाड कागदाच्या नावाला मागून चिकटवा. पुस्तकात ठेवायची खूण तयार होते. माझ्या एका मैत्रिणीनं पणजीच्या साडीच्या अशा पट्ट्या केल्या आणि फक्त घरातल्या बायकांच्या कार्डांना लावल्या. त्या टेबलावर जेवणापेक्षा साडीच्याच गोष्टी जास्त झाल्या. पण साडी कापण्याआधी घरात विचारा. काहींना ते चालत नाही, आणि त्यांचं तसं वाटणं बरोबर आहे.

गोकाकची रंगवलेली लाकडी फळं मुलांच्या टेबलावर ठेवा. देठाला दोऱ्यानं नाव बांधा. मुलं त्या जागेवरून हलत नाहीत.

आम्ही बुफे नाही, पंगत ठेवणार आहोत. तिथं नावाचं कार्ड कसं?

पंगत ठेवताय हे वाचूनच आनंद झाला. केळीच्या पानावर काही ठेवू नका, पान पदार्थांसाठी आहे. पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं, मीठ, चटणी, कोशिंबीर वरच्या कडेला डावीकडे. त्यामुळे नाव पानाच्या बाहेर, वरच्या कडेच्या मधोमध ठेवा. पानाभोवती रांगोळी काढणार असाल तर नाव रांगोळीनंच लिहिता येतं, मात्र टेबलावर नव्हे, जमिनीवरच्या पंगतीत. आणि जेवण झाल्यावर द्यायच्या विड्यावर लवंगेनं टोचलेली नावाची चिठ्ठीही लावता येते.

जमिनीवर बसता न येणाऱ्यांची टेबल-खुर्चीची रांग त्याच पंगतीच्या शेजारी ठेवा. वेगळ्या खोलीत नको.

जैन पाहुणे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि रिसेप्शन सातला. काय करावं?

चिकोडी-निपाणीकडे जैन घरं बरीच आहेत, त्यामुळे हा प्रश्न दर लग्नात येतो आणि दर लग्नात कुणीतरी पाहुणा नुसतं पाणी पिऊन, तेही काही वेळा न पिता, फोटो काढून जातो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, मे महिन्यात पावणेसात-सातला. पत्रिकेवरची वेळ बदलता येत नसेल तर त्या घरांना फोन करून लवकर बोलवा. त्यांचं टेबल दिवस मावळण्याच्या तासभर आधी तयार ठेवा. कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं नसलेला स्वयंपाक आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. कार्डावर एक हिरवं पान काढा. वाढप्यांना तेवढी खूण पुरते, आणि पाहुण्याला चारचौघांत स्वतःचा नियम समजावत बसावं लागत नाही. एकादशीचा उपास करणाऱ्यांसाठीही दुसरी अशीच खूण ठरवता येते.

पत्रिकेवर तर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' लिहितो. नक्की किती येणार हे कळणार कसं?

नाही कळत, आणि ते कळवायची आपली रीतही नाही. म्हणून माणसागणिक कार्ड फक्त मुख्य तीन-चार टेबलांवर ठेवा. बाकी ठिकाणी घराचं एकच कार्ड: "कडोली, मारुती गल्लीचे पाटील, ५ जागा". पाचाचे सात आले तर दोन खुर्च्या ओढता येतात, तीनच आले तर शेजारचं घर सरकतं. दर दहा टेबलांमागं एक टेबल पूर्ण मोकळं राखा. काही कोरी कार्डं आणि एक जाड पेन जवळ ठेवा. अचानक आलेल्या पाहुण्याचं नाव त्याच्यासमोर लिहून कार्ड मांडलं तर त्याला जे वाटतं, ते आधी छापलेल्या कार्डानंही वाटत नाही.

दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना कुठं बसवू?

वेगळ्या टेबलांवर, पण स्टेजपासून सारख्याच अंतरावर. आणि एकमेकांकडे पाठ येणार नाही असं. समेट घडवायची ती जागा नाही.

लॉनवर वाऱ्यानं कार्डं उडतात.

उडणारच, बेळगावची संध्याकाळ आहे. पणती किंवा करदंट यांचं वजन कामाला येतं. तक्ता फ्लेक्सचा असेल तर मागून लाकडी चौकट मारून घ्या. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस धरून चाला आणि कागदी काहीच उघड्यावर ठेवू नका.

अक्षर किती मोठं असावं, आणि तक्ता कुठं लावायचा?

तक्त्यावरचं अक्षर निदान एक इंच उंच. वळणदार, कोरीव अक्षर पत्रिकेवर शोभतं, तक्त्यावर नको. तो दारातच लावला तर गुलाबपाणी देणाऱ्या मुलींपाशी गर्दी होते. दहा पावलं आत घ्या, आणि मोठ्या लग्नात दोन तक्ते दोन बाजूंना लावा. तक्त्यापाशी मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी चार तरुण मुलं-मुली उभी करा. वाट दाखवायची नाही, सोबत जायचं, खुर्ची ओढून द्यायची आणि मगच परतायचं.

तक्त्यावर बेळगाव लिहू की बेळगावी?

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. मराठी बाजूला बेळगाव, कन्नड बाजूला बेळगावी. ज्या घरात जे नाव बोलतात, ते त्यांना त्यांच्या बाजूला वाचायला मिळावं.

खर्च फार येतो का?

फुलांच्या एका कमानीपेक्षा कमीच. वेळ मात्र जातो. यादी पंधरा दिवस आधी धरा, नावं आठवडाभर आधी लिहायला बसा, आणि दोन्ही घरच्या बायका एकत्र बसून लिहा. कुठली मावशी कुणाची कोण, हे त्या दोन संध्याकाळींत जितकं कळतं तितकं साखरपुड्यातही कळत नाही.

कार्यक्रम झाल्यावर उरलेल्या कार्डांचं काय करायचं?

न आलेल्यांची कार्डं टाकू नका. घरी जाऊन द्या, प्रसादासोबत. माझी आत्या पुढच्या लग्नाला आजारपणामुळे येऊ शकली नाही. तिच्या नावाची पणती मी दुसऱ्या दिवशी कडोलीला नेऊन दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, नाव वाचलं आणि विचारलं, "माझी खुर्ची कुठं होती गं?" मी सांगितलं, मार्कंडेयावर, खांबापासून लांब.